कॅप्टन डिकची गाडी : श्रुतिकेच्या प्रकल्प नोंदी

८ जून

विषय ठरला. कालप्रवासाची सहा भागांची श्रुतिका, दिवाळीपर्यंत ऐकायला मिळेल अशी. नायिका मीरा, कल्याणच्या इलेक्ट्रिक लोको शेडमधली अप्रेंटिस. ती ज्याला भेटते तो वाफेचं इंजिन रुळावर आणणारा अभियंता रिचर्ड ट्रेव्हिथिक, जन्म १७७१, इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला कॉर्नवॉलमध्ये, खाणीच्या कॅप्टनचा मुलगा.

गटातल्या दोघांना जॉर्ज स्टीफन्सन हवा होता. आगगाडीचा जनक म्हणून शाळेत आपण त्याचंच नाव पाठ केलेलं. कालप्रवासाच्या गोष्टींनीही त्यालाच जवळ केलं आहे. बीबीसीच्या ‘डॉक्टर हू’ मालिकेतल्या १९८५ च्या एका कथेत नायक किलिंगवर्थच्या खाणगावात पोचतो. तिथे स्टीफन्सनने देशातल्या मोठ्या बुद्धिमंतांना एकत्र बोलावलेलं असतं आणि यंत्रं फोडणाऱ्या कामगारांच्या दंगलीआड खलपात्रं आपले डाव खेळत असतात. तिचं बरंचसं चित्रीकरण झालं श्रॉपशरमध्ये, आयर्नब्रिजजवळच्या ब्लिस्ट्स हिल संग्रहालयात. त्याच दरीत कोलब्रुकडेल आहे, आणि कोलब्रुकडेलच्या ओतशाळेने १८०२ साली रुळावरचं वाफेचं इंजिन बांधायला घेतलं ते ट्रेव्हिथिकसाठी. स्टीफन्सन त्या वेळी विशीतला होता, खाणीच्या इंजिनावर राबत होता. म्हणजे स्टीफन्सनची गोष्ट ज्या भूमीवर चित्रित झाली, ती मुळात ट्रेव्हिथिकच्या कामाची भूमी.

मला त्या कथेतली एक गोष्ट मनापासून आवडते: भविष्यातून आलेला पाहुणा स्टीफन्सनला इंजिन शिकवत नाही. तो आपल्या कामात स्वतःच्या हिमतीवर उभा आहे. आपल्या श्रुतिकेतही हे पाळायचं.

१५ जून

मीरा कोणत्या दिवशी पोचणार? तासभर यावरच बोललो.

१८०१ चा नाताळ मोह पाडतो. २४ डिसेंबरला ट्रेव्हिथिकने कॅमबोर्नच्या चढावर माणसांनी भरलेली वाफेची गाडी चालवून दाखवली. पण ती रस्त्यावरची, रुळाचा संबंध नाही. काही दिवसांत ती वाटेत बिघडली, मंडळी खानावळीत जेवायला बसली, आग मात्र पेटतीच राहिली. पाणी आटलं आणि गाडी जळून गेली.

१८०८ चं लंडनही डोळ्यांसमोर होतं. आजच्या युस्टन स्थानकाच्या परिसरात कुंपण घालून गोल रूळ टाकले होते. त्यावर ट्रेव्हिथिकचं इंजिन फिरायचं आणि शिलिंगभर तिकिटात लोक मागे बसायचे. दृश्य म्हणून सुंदर, पण तोवर गोष्टीचा ताण उतरलेला असतो.

ठरला तो २१ फेब्रुवारी १८०४. वेल्समधलं मर्थर टिडफिल, पेनीडॅरन लोखंड कारखाना. मालक सॅम्युअल होमफ्रे आणि शेजारचा कारखानदार रिचर्ड क्रॉशे यांच्यात पाचशे गिनींची पैज: दहा टन लोखंड घेऊन वाफेचं इंजिन कालव्याच्या धक्क्यापर्यंत, म्हणजे आजच्या ॲबरकाननपर्यंत जाईल की नाही. गेलं. पाच वाघिणी, दहा टन लोखंड आणि वर चढून बसलेली सत्तर माणसं. नऊ मैलांहून जास्त अंतर, वेळ चार तास पाच मिनिटं. वाटेत झाडं तोडावी लागली, मोठे दगड बाजूला सारावे लागले. रुळावरून वाफेच्या इंजिनाने ओझं ओढत नेल्याची नोंद असलेला हा पहिला प्रवास. किलिंगवर्थला स्टीफन्सनचं पहिलं इंजिन धावलं ते त्यानंतर दहा वर्षांनी.

२४ जून

आज संहितेच्या गाभ्यापाशी आलो, म्हणून सविस्तर लिहितो.

या जातीच्या गोष्टींत एक प्रसंग हमखास येतो. भविष्यातला माणूस धुळीत काठीने आकृती काढतो, शोधकाचे डोळे चमकतात आणि इतिहास पुढे सरकतो. मला हा प्रसंग अन्यायाचा वाटतो. ज्याने हात भाजून, कर्ज काढून, लोकांचे टोमणे खाऊन एखादी गोष्ट साधली, त्याचं श्रेय आपण दोन मिनिटांत दुसऱ्याच्या खिशात घालतो. तेव्हा पहिला नियम पक्का: मीरा ट्रेव्हिथिकला इंजिनाबद्दल काहीही सांगणार नाही. त्याला गरजही नाही.

त्याच्याकडे काय काय होतं? जेम्स वॉटच्या इंजिनात वाफेचा दाब वातावरणाहून जेमतेम जास्त असे. वाफ वेगळ्या पात्रात थंड करून पोकळी निर्माण करायची आणि त्या पोकळीकडून काम करून घ्यायचं, अशी ती रचना. त्यामुळे यंत्र अवाढव्य, इमारतीत बांधून ठेवलेलं. ट्रेव्हिथिकने वातावरणाच्या तिप्पट-चौपट दाबाची वाफ थेट दट्ट्यावर सोडली आणि काम झाल्यावर हवेत जाऊ दिली. थंड करणारं पात्रच गेलं, इंजिन लहान झालं, चाकांवर बसलं. वाफ हवेत सोडल्याने किती शक्ती वाया जाईल, हे त्याने त्याचा गणिती मित्र डेव्हिस गिडी याला विचारलं होतं. उत्तर आलं: फक्त एका वातावरणाच्या दाबाइतकी. दाब वाढवत नेला की हा तोटा किरकोळ ठरतो, हे ट्रेव्हिथिकने तिथल्या तिथे ओळखलं.

वापरलेली वाफ त्याने धुराड्यात सोडली. त्यामुळे भट्टीला ओढ मिळते आणि आग फुलते, हेही त्याने टिपून ठेवलं. गुळगुळीत लोखंडावर गुळगुळीत चाक घसरेल ही शंका नंतरही लोकांना छळत होती. १८१२ मध्ये लीड्सजवळच्या मिडलटनला रुळाच्या बाजूला दाते बसवून इंजिन चालवलं ते त्यापायीच. पेनीडॅरनला इंजिन साध्या चाकांवर चाललं होतं.

मग अडलं कुठे? रुळात. तो मार्ग घोड्यांसाठी होता. बिडाच्या इंग्रजी एल आकाराच्या पट्ट्या, खाली दगडी ठोकळे. पाचेक टनांचं इंजिन गेलं की पट्ट्या तडकायच्या. बीड दाब सोसतं, वाकणं सोसत नाही. म्हणून काही फेऱ्यांनंतर इंजिन चाकांवरून उतरलं आणि मार्ग पुन्हा घोड्यांकडे गेला. लंडनच्या गोल मार्गावरही रुळांनीच दगा दिला. इलाज निघाला १८२० मध्ये: बेडलिंग्टनच्या कारखान्यात जॉन बर्किनशॉने घडीव लोखंडाचे पंधरा फुटी रूळ लाटून काढण्याचं पेटंट घेतलं. १८२५ च्या स्टॉकटन-डार्लिंग्टन मार्गावर बहुतांशी असेच रूळ होते.

आणि इथे मला आपला चौथा भाग सापडला. मर्थरच्या कारखान्यांत घडीव लोखंड १८०४ सालीही तयार होत होतं! भट्टीत ढवळून, रोलरांमधून दाबून सळ्या काढण्याची पद्धत तिथल्याच कारखानदारांनी उचलून धरली होती. बीड फुटत होतं त्या गावातच न फुटणारं लोखंड निघत होतं. दोन्हींची गाठ पडायला आणखी सोळा वर्षं लागली. मीराला हे माहीत आहे. ती बोलेल का? ज्या गोष्टीची उणीव आहे ती ट्रेव्हिथिकच्या हातात नाहीच. रूळ होमफ्रे आणि शेजारच्या कारखानदारांच्या मालकीचे, आणि बिडाच्या पट्ट्यांवर घोडे उत्तम चालत असताना मैलोन्‌मैल महाग लोखंड अंथरायचं कोणी आणि कशासाठी? मीराचं ज्ञान खरं आहे आणि तरी त्या संध्याकाळी ते निरुपयोगी आहे. सगळी श्रुतिका मला या एका प्रसंगावर उभी करायची आहे.

चौथ्या भागातला कच्चा संवाद:

मीरा : कॅप्टन, पट्टी परत फुटली. ही तिसरी.
ट्रेव्हिथिक : इंजिनाला काही झालंय का, पोरी?
मीरा : नाही. इंजिन ठणठणीत आहे.
ट्रेव्हिथिक : मग पट्टी बदला. इंजिन बरोबर आहे.

‘कॅप्टन’ हे संबोधन खरं आहे. कॉर्नवॉलच्या खाणीत वरच्या माणसाला कॅप्टन म्हणत, आणि याला लोक ‘कॅप्टन डिक’ म्हणूनच ओळखत. सहा फुटांहून उंच, कुस्तीगीर गडी. आवाजासाठी नट निवडताना हे लक्षात ठेवायचं.

३ जुलै

ध्वनीची बैठक. पहिला निर्णय: शिट्टी नाही. इंजिनावर वाफेची शिट्टी आली ती १८३० च्या दशकात. ‘कू’ केल्याशिवाय ऐकणाऱ्याला आगगाडी वाटणार नाही, असं ध्वनिसंयोजकाचं म्हणणं. मी हटलो नाही. इंजिनापुढे माणूस चालत ओरडतोय, घोडे बिथरलेत, एवढ्याने काम होईल.

दुसरं, रुळांचा ठेका. आपल्या कानातला ‘खडक-खडक, खडक-खडक’ लांब रुळांचा आहे. तिथल्या पट्ट्या साधारण तीन फुटी, म्हणजे दर तीन फुटांवर सांधा. इंजिन चालू असताना वेग ताशी पाच मैलांच्या आसपास, त्या हिशेबाने एका चाकाखाली सेकंदाला दोनाहून जास्त ठोके. बारीक, दाट खडखडाट येईल, आणि त्यावर एकाच सिलिंडरचा संथ, जड श्वास. मोठं फ्लायव्हील, दातेरी चाकं. हे मिश्रण ऐकलं तेव्हा अंगावर काटा आला.

पाणी भरायला थांबण्याचा प्रसंग संहितेतून काढला. निघाल्यापासून पोचेपर्यंत बॉयलरमध्ये पाणी घातलं नाही, असं ट्रेव्हिथिकने गिडीला कळवलं आहे.

१३ जुलै

ग्रीनिचचा भाग. सर्वांत अवघड.

सप्टेंबर १८०३. लंडनजवळ ग्रीनिचला पिठाच्या गिरणीच्या पायाभरणीत पाणी उपसायला ट्रेव्हिथिकचं उच्चदाबाचं इंजिन लावलेलं. ते सांभाळणारा मुलगा ईल मासे पकडायला गेला आणि दुसऱ्याला उभं करून गेला. त्याने इंजिन थांबवलं, पण सेफ्टी व्हॉल्व मोकळा केला नाही. बिडाचा बॉयलर फुटला आणि चार माणसं गेली. वॉट आणि त्याचा भागीदार बोल्टन यांच्या गोटाने हा अपघात उच्चदाबाच्या वाफेविरुद्ध वापरला. वॉटच्या मते आपण फाशीच्या लायकीचे होतो, असं ट्रेव्हिथिकने आयुष्याच्या शेवटी लिहून ठेवलं.

मीरा हे थांबवू शकते का? पहिल्या खर्ड्यात ती फक्त पेनीडॅरनला जाते, त्यामुळे प्रश्नच येत नव्हता. पण गटातल्या सर्वांत तरुण मुलीने विचारलं, “दादा, तिच्याकडे काळाचं यंत्र आहे आणि चार माणसं मरणार हे तिला माहीत आहे. मग ती गप्प कशी बसते?” हा प्रश्न टाळून पुढे जाणं लबाडी ठरली असती. म्हणून दुसरा भाग आता ग्रीनिचला घडतो. मीरा उशिरा पोचते. तिच्या यंत्राची तारीख तिच्या हातात नाही, हे पहिल्या भागात पेरून ठेवलं आहे. तिला दिसतो तो अपघातानंतरचा ट्रेव्हिथिक.

आणि हा माणूस मला सगळ्यांत मोठा वाटतो. त्याने उच्च दाब सोडला नाही आणि मेलेल्यांना नशिबावरही सोडलं नाही. पुढच्या बॉयलरना दोन सेफ्टी व्हॉल्व, त्यातला एक चालवणाऱ्याच्या हाताला लागणार नाही असा. पाऱ्याचा दाबमापक. पाण्याचा दाब देऊन बॉयलरची आधी चाचणी. आणि शिशाचा प्लग: पाण्याची पातळी खाली गेली की शिसं वितळतं, त्या भोकातून वाफ आगीवर येते आणि धोका कळतो.

ही यादी वाफेच्या इंजिनावर कोळसा टाकणाऱ्या, मनमाडच्या एका निवृत्त फायरमनना वाचून दाखवली. सगळे त्यांना अण्णा म्हणतात.

“लेड प्लग?” अण्णा ताठ बसले. “आमच्या डब्ल्यूपी इंजिनाला होता की. फायरबॉक्सच्या वरच्या पत्र्यात. तो गेला तर ड्रायव्हर-फायरमन दोघांना चार्जशीट.”

“तो याने शोधून काढला, अण्णा. १८०३ च्या अपघातानंतर.”

अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “नाव काय म्हणालात या माणसाचं? परत सांगा.”

त्यांनी ते कागदावर लिहून घेतलं. उभी नोकरी ज्या शिशाच्या भरवशावर झाली, त्यामागचा माणूस त्यांना कोणी सांगितला नव्हता. या श्रुतिकेची गरज मला त्या क्षणी पुरती पटली.

२७ जुलै

जेन हार्वेचं पात्र लिहिलं. कॉर्नवॉलमधल्या हेल गावच्या ओतशाळेचे मालक जॉन हार्वे यांची मुलगी, १७९७ मध्ये ट्रेव्हिथिकशी लग्न. शोधकाच्या गोष्टीत बायको दारात उभी राहून काळजी करते, तसं होऊ द्यायचं नाही. ही लोखंड ओतण्याच्या घरातली मुलगी. तिला साच्याची, भट्टीची भाषा कळते. नवरा १८१६ मध्ये पेरूला गेला आणि अकरा वर्षांनी परतला. त्या काळात सहा मुलांना तिने माहेरच्या आधाराने वाढवलं आणि हेलमध्ये खानावळ चालवली. पाचव्या भागाची पहिली सात मिनिटं तिची.

१० ऑगस्ट

पाचवा भाग, उत्तरार्ध. इथे आपल्याकडचा धागा येतो.

ट्रेव्हिथिकची इंजिनं पेरूतल्या सेरो दे पास्कोच्या चांदीच्या खाणींत पाणी उपसायला गेली होती, समुद्रसपाटीपासून चौदा हजार फुटांवर. हवा विरळ, त्यामुळे वॉटच्या पद्धतीचं इंजिन तिथे लंगडं पडतं. उच्चदाबाचं चालतं. पण स्वातंत्र्ययुद्धात सगळं विस्कटलं. तो कोस्टारिकात गेला, तिथून जंगलं-नद्या तुडवत १८२७ मध्ये कोलंबियातल्या कार्ताहेना बंदरात पोचला, खिशात काही नसलेला, ५६ वर्षांचा. तिथे त्याला भेटला तेवीस वर्षांचा रॉबर्ट स्टीफन्सन, जॉर्जचा मुलगा, खाणीचं काम आटोपून घरी निघालेला. ट्रेव्हिथिक न्यूकॅसलला गेला असताना त्याने रॉबर्टला तान्हेपणी मांडीवर खेळवलं होतं, असं सांगतात. रॉबर्टने त्याला घरी परतायला पन्नास पौंड दिले.

दोन वर्षांनी रेनहिलला झालेल्या इंजिनांच्या शर्यतीत ‘रॉकेट’ जिंकलं. ते रॉबर्टच्या कारखान्यात बनलेलं. पुढे हाच रॉबर्ट ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा सल्लागार अभियंता होता. कंपनीचा इथला मुख्य अभियंता जेम्स बर्कली हा त्याच्या हाताखाली तयार झालेला. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला गाडी सुटली आणि पुढे भोर घाट चढला, ते बर्कलीच्या आराखड्यावर. म्हणजे कार्ताहेनाच्या खानावळीत ट्रेव्हिथिकसमोर बसलेल्या तरुणापासून आपल्या घाटापर्यंत अवघ्या दोन माणसांचं अंतर आहे. कल्याणची मीरा रोज त्या घाटाच्या पायथ्याकडे जाणाऱ्या गाड्या बघते. तिला हे माहीत असणं स्वाभाविक आहे, आणि ते ट्रेव्हिथिकला सांगण्याची परवानगी मी तिला दिली आहे. यात इंजिनाबद्दल काही नाही, नियम मोडत नाही.

मीरा : कॅप्टन, माझ्या गावाजवळ डोंगर आहे. आगगाडी तो चढते.
ट्रेव्हिथिक : किती माणसं घेऊन?
मीरा : हजार. कधी त्याहून जास्त.
ट्रेव्हिथिक : आणि पट्ट्या?
मीरा : टिकतात.

‘पट्ट्या?’ हा प्रश्न आला की चौथा भाग ऐकणाऱ्याच्या मनात आपोआप जागा होतो. आणखी काही लिहायची गरज नाही.

७ सप्टेंबर

पहिल्या चार भागांचं ध्वनिमुद्रण झालं. ट्रेव्हिथिकचा आवाज खणखणीत आला आहे, होमफ्रेचा जरा जास्तच कपटी. तो बदलून घ्यायचा. होमफ्रेने पैसे घातले, जोखीम घेतली. त्याला खलनायक करण्यात काही न्याय नाही.

एका श्रोत्याने सुचवलं की मीराने शेवटी भविष्यातलं मालगाडीचं विजेवरचं वॅग-९ इंजिन दाखवावं, सहा हजार अश्वशक्तीचं. नाही. पेनीडॅरनच्या त्या छोट्या इंजिनाशेजारी ते उभं केलं की ऐकणारा दोघांची तुलना करत बसतो आणि छोटं इंजिन केविलवाणं वाटू लागतं.

२१ सप्टेंबर

शेवट कुठे करायचा, यावर दोन मतं. एक बाजू लंडनजवळच्या डार्टफर्डची: २२ एप्रिल १८३३, बुल नावाची खानावळ, कर्जबाजारी ट्रेव्हिथिकचा मृत्यू. अंत्यविधीचा खर्च सोबत काम करणाऱ्यांनी उचलला आणि थडग्यावर नावही कोरलं गेलं नाही. रडू येईल असा शेवट आहे यात शंका नाही.

पण मी तो नाकारला. शोधकाची गोष्ट गरिबीतल्या मरणावर संपवली की ऐकणारा हळहळतो, आणि त्याने केलेलं काम त्या हळहळीखाली झाकलं जातं. ट्रेव्हिथिक शेवटपर्यंत काम करत होता. १८३२ च्या ब्रिटिश संसदीय सुधारणा कायद्याच्या स्मरणार्थ हजार फूट उंचीचा बिडाचा मनोरा उभारण्याची योजना त्याने मरणाच्या आदल्याच वर्षी मांडली होती. स्वतःचा त्याने पराभव मानलेला नव्हता, मग आपण तो त्याच्यावर का लादायचा?

सहावा भाग २२ फेब्रुवारी १८०४ ला संपणार. तो गिडीला पत्र लिहायला बसलेला: दहा टन, पाच वाघिणी, सत्तर माणसं, चार तास पाच मिनिटं. मीरा आकडे तपासून देते. डार्टफर्डची माहिती श्रेयनामावलीत सरळ वाचली जाईल. त्याच्या मुलाने, फ्रान्सिसने, १८७२ मध्ये वडिलांचं चरित्र प्रसिद्ध केलं, नातवंडांपैकी दोघं जपानच्या रेल्वेत गेले आणि रिचर्ड फ्रान्सिस ट्रेव्हिथिकच्या देखरेखीखाली १८९३ मध्ये कोबेला जपानमध्ये घडलेलं पहिलं इंजिन तयार झालं, हेही तिथेच.

५ ऑक्टोबर

श्रेयनामावली वाचायला अण्णा तयार झाले. आवाज थोडा कापतो, पण ‘ट्रेव्हिथिक’ ते अगदी स्पष्ट म्हणतात. होमफ्रेचे बदललेले संवाद आणि पाचव्या भागातली जेनची सात मिनिटं या आठवड्यात मुद्रित करायची. चौथ्या भागात पट्टी तडकण्याचा आवाज अजून काचेसारखा येतोय. बिडाचा हवा. ध्वनिसंयोजक उद्या भंगारवाल्याकडून जुनं बिडाचं झाकण आणून घणाने फोडणार आहे.